केळीचा हिवाळा

केळीला ऊन लागते, ओल लागते आणि वाऱ्यापासून आडोसा लागतो. हे तिन्ही मिळाले की ती न्हाणीच्या सांडपाण्यावरही आनंदाने वाढते आणि वर्ष-सव्वा वर्षात घड देते. तिला सोसत नाही ती थंडी. आरोग्याच्या पाक्षिकात केळीच्या संगोपनाविषयीचा मजकूर पाहून वाचकांना किंचित नवल वाटेल. परंतु गारठलेली केळ कशी सांभाळावी हे मी ज्यांच्याकडून शिकले, त्या माझ्या सासूबाई आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. आणि त्यांची काळजी घेताना तेच शिकणे मला वारंवार उपयोगी पडले आहे.

आमचे घर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत, पंचगंगेकडे उतरणाऱ्या बाजूला आहे. येथील हिवाळा तसा सौम्य. किमान तापमान बहुतेक दिवस १४-१५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. ते दहाच्या खाली उतरल्याचे प्रसंग विरळाच. तरीही सासूबाईंनी परसातल्या केळींसाठी हिवाळ्याची सीमा नेमकी आखून ठेवली आहे. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ या तारखांना मावळतीची किरणे देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. त्यानंतर सूर्य दक्षिणेकडे सरकत जातो, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात परत फिरतो आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला पुन्हा त्याच जागी येतो. या दोन किरणोत्सवांच्या मधला काळ म्हणजे त्यांच्या लेखी केळीचा हिवाळा. पहिला किरणोत्सव झाला की बुंध्याभोवती उसाचे पाचट पसरायचे. दुसरा उलटून ऊन तापू लागेपर्यंत ना खत घालायचे, ना पाने छाटायची, ना पिले खणायची. हा नेम आमच्या घरी पासष्ट वर्षे चालत आला आहे.

हे ज्ञान कोल्हापूरचे नव्हे. सासूबाईंचे माहेर जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. ज्या जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या केळीच्या बागांमध्ये त्यांचे बालपण गेले. तेथे उन्हाळा अंग भाजून काढणारा आणि हिवाळा तितकाच बोचरा. उत्तरेकडून थंडीची लाट आली की पारा दहा अंशांच्या पुष्कळ खाली उतरतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी पहाटे दव गोठून पांढरे दिसते, तितकी थंडी बागेत पडावी लागत नाही. केळीला दुखापत व्हायला पाणी गोठण्याची गरज नसते. तापमान १६ अंशांखाली गेले की तिचे नवे पान संथ होते, आणि दहाच्या जवळपास वाढ थांबतेच. पाने शेंड्याशी एकमेकांना चिकटून गुच्छासारखी येतात. अशा वेळी निसवणारी केळ, म्हणजे घड बाहेर टाकण्याच्या बेतातली केळ, अडते. घड गळ्याशी अडकून राहतो. आलेल्या फळाचीही साल काळपट पडते. (पिकलेली केळी शीतकपाटात ठेवली की साल काळी पडते, त्याचेही कारण हेच.)

लाटेच्या रात्री त्यांचे वडील आणि काका बागेतच असत. विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते, म्हणून रात्री उशिरा हलके पाणी सोडायचे. ओली जमीन दिवसभराची उष्णता सावकाश सोडत राहते. बागेच्या कडेने शेवरीची किंवा उंच गवताची भिंत असायची, कारण थंडीपेक्षा थंड वारा अधिक नुकसान करतो. बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करायचा. निसवलेल्या घडांवर केळीचीच वाळकी पाने पांघरायची. लहान असताना आपण भावंडांबरोबर त्या पानांच्या पेंढ्या वाहून नेत होतो, हे त्या आजही सांगतात. लग्न होऊन कोल्हापूरला आल्यावर इतक्या थंडीशी गाठ पडली नाही; पण सवय राहिली.

या सवयीमागचे कारण समजले तर पुढचे सारे समजते. केळ हा वृक्ष नव्हे. ज्याला आपण खोड म्हणतो, ते एकावर एक घट्ट बसलेल्या सोपटांचे, म्हणजे पानांच्याच तळभागांचे बनलेले असते. खरे खोड जमिनीखाली असते, तोच कंद. घड धरायची वेळ येईपर्यंत केळीचा वाढता कोंबही जमिनीलगतच, सोपटांच्या आत खोल दडलेला असतो. म्हणून कडक थंडीत पाने करपली, वरचे खोड लिबलिबीत झाले, तरी केळ मेली असा निवाडा देता येत नाही. कंद जिवंत असेल तर ती पुन्हा उठते. सासूबाईंचे वाक्य ठरलेले आहे : “वर काय दिसतं ते बघू नये, खाली काय आहे ते राखावं.”

पाचट घालायचे ते यासाठीच. कोल्हापूरच्या आसपास उसाला तोटा नाही, त्यामुळे पाचट सहज मिळते. एक वीतभर जाडीचा थर बुंध्याभोवती, पण खोडाला चिकटू न देता पसरावा. वाळलेली पाने झाडावरच लोंबू द्यावीत. तेच तिचे पांघरूण. पाणी बेताचे द्यावे. वाढ थांबलेल्या केळीला रोज पाणी घातले तर मुळांशी ते साचून राहते आणि कंद कुजतो. थंडीपेक्षा थंड चिखलाने मरणाऱ्या केळी अधिक, असे त्या म्हणतात.

आता २०२० सालच्या नोव्हेंबरकडे येते. तेव्हा सासूबाई ८५ वर्षांच्या होत्या. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी त्या पडल्या आणि मांडीच्या हाडाचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, ती चांगली झाली. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी उभे केले, घरी व्यायाम शिकवायला माणूस येऊ लागला. हाड जुळून आले. परंतु सासूबाई काही उठल्या नाहीत. पलंग ते न्हाणीघर एवढाच त्यांचा प्रवास उरला. तोही आम्ही दोघांनी धरल्यावर. साथीचे दिवस होते, घरी येणारे-जाणारे थांबले होते. त्या जेवत कमी, बोलत त्याहून कमी. वॉकर भिंतीला टेकून उभा असे. एकदा मी आग्रह केला, तेव्हा शांतपणे म्हणाल्या, “अगं, घड उतरवलेलं खोड आहे हे. त्याला उभं करून काय करणार?”

केळीचे खोड एकदाच घड देते आणि मग तोडले जाते, हे मलाही ठाऊक होते. त्यांच्या या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अशा वयात खुब्याचे हाड मोडल्यावर माणूस अंथरुणाला खिळला तर स्नायू झपाट्याने झिजतात, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात; हे सारे डॉक्टरांनी आम्हांला स्पष्ट सांगितले होते. आमच्यापुढे प्रश्न हाडाचा राहिला नव्हता.

माझी लेक आणि जावई अमेरिकेत, टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात राहतात. तेथील हवा दमट आणि उकाड्याची. परसात केळी चांगली वाढते. मात्र एखाद्या हिवाळ्यात एक-दोन रात्री पारा शून्याखाली जातो. लेकीने घर घेतले तेव्हा कुंपणाशी केळीचे चार कंद लावले होते. घड मिळाला तर मिळाला, पण पूजेला आणि सणाच्या जेवणाला पान घरचे असावे, एवढीच तिची इच्छा. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या राज्यावर अभूतपूर्व थंडी कोसळली. ह्यूस्टनमध्ये तापमान उणे १० अंशांपर्यंत उतरले, बर्फ पडले आणि लाखो घरांची वीज गेली. दोन दिवस लेकीचा फोन लागला नाही. पुढे त्या राज्याच्या अधिकृत मोजणीत या थंडीत २४६ माणसे दगावल्याची नोंद झाली, आणि त्यांतील बहुतेकांचा मृत्यू शरीर थंड पडल्याने झाला होता. आम्हांला तेव्हा आकडे माहीत नव्हते. फोन लागत नाही एवढेच माहीत होते. सासूबाईंनी त्या दोन दिवसांत चार वेळा विचारले, “लागला का गं?”

गुरुवारी फोन लागला. सारी सुखरूप होती. एका खोलीत, अंगावर होते नव्हते ते कपडे घालून त्यांनी रात्री काढल्या होत्या. बोलता बोलता लेकीने फोन परसाकडे वळवला. चारही केळी काळ्या पडून माना टाकून उभ्या होत्या. पाने उकडलेल्या भाजीसारखी लोंबत होती. “आजी, सगळं गेलं गं,” ती म्हणाली. येत्या रविवारी जावई ते खणून काढणार होते.

सासूबाई पलंगावर उठून बसल्या. आधाराला हात न मागता बसल्या, हे माझ्या नंतर लक्षात आले. “जावईबापूंना सांग, कुदळ ठेवून द्या. काही खणायचं नाही, काही कापायचं नाही. थंडी संपली का?” अजून आठ-दहा दिवस धोका आहे, असे लेक म्हणाली. “मग ते काळं झालेलं तसंच राहू दे. बुंध्यावर वाळकी पानं, गवत, जे मिळेल ते घाल. वरून पाणी घालू नकोस.”

त्या दिवसापासून रोज सकाळी फोनची वाट पाहणे सुरू झाले. तिकडे संध्याकाळ असे. मार्चच्या आरंभी थंडी सरली, तेव्हा प्रश्न आला : कापायचे ते कोठून? सासूबाई तोंडी सांगू लागल्या, लेकीला कळेना. शेवटी त्या वैतागल्या. “मला परसात ने. दाखवल्याशिवाय कळायचं नाही तिला.” परसात जायला स्वयंपाकघर ओलांडून तीन पायऱ्या उतराव्या लागतात. मी मुलाला हाक मारली. वॉकर, मग एक पायरी, मग थांबणे. वीस मिनिटे लागली. तेथे खुर्चीवर बसून त्यांनी घड उतरवलेले एक जुने खोड माझ्याकडून कापून घेतले आणि फोनवर नातीला दाखवले. शेंड्याकडून चार-चार बोटांचे काप घेत खाली यायचे. आतला गाभा तपकिरी आणि लिबलिबीत असेल तर आणखी खाली जायचे. पांढरा, घट्ट, पाणीदार गाभा लागला की सुरी थांबवायची. तेथे जीव आहे. अगदी जमिनीपर्यंत आले तरी घाबरायचे नाही. कंद बोटाने दाबून पाहायचा. टणक असेल तर माती सारखी करून वाट पाहायची.

वाट पाहणे महिनाभर चालले. या महिन्यात सासूबाई रोज परसात जाऊ लागल्या. नातीला आज काय सांगायचे, याची जुळणी त्यांना आधी आपल्या केळींपाशी बसून करावी लागे. व्यायाम शिकवणाऱ्याने त्या तीन पायऱ्याच व्यायामात घेतल्या. कोवळे ऊन मिळू लागले. भूक सुधारली. मार्चअखेरीस लेकीने दाखवले : एका बुंध्याच्या मधोमध, सुरळीसारखे गुंडाळलेले हिरवे टोक वर आले होते. आठवडाभरात दुसऱ्या कंदाच्या कडेने पिले फुटली, मग तिसऱ्याच्या. चौथा कंद उठला नाही. तो छपराचे पाणी पडते त्या खोलगट जागी होता. दाबून पाहिला तेव्हा मऊ लागला. तो काढावा लागला. सासूबाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “चारातले तीन पुष्कळ झाले.”

हा चमत्कार नव्हे, आणि तसा कोणी समजू नये. वॉकर त्यांचा सुटला नाही; आजही सुटलेला नाही. लांबचे चालणे होत नाही. शस्त्रक्रिया, औषधे, व्यायाम हे सारे आपापल्या जागी होतेच. पण उठण्यासाठी त्यांना कारण हवे होते, आणि ते कारण आमच्या प्रेमळ आग्रहात नव्हते. कोणाला तरी त्यांच्याकडून काही खरोखरच हवे होते, यात ते होते. आजीला बरे वाटावे म्हणून नातीने प्रश्न विचारले नव्हते. उत्तर तिला ठाऊक नव्हते म्हणून विचारले होते. वृद्धांना हा फरक क्षणात कळतो.

थंडीच्या दिवसांत ज्यांच्या घरी ज्येष्ठ मंडळी आहेत, त्यांच्यासाठी काही गोष्टी नमूद करते. वय वाढले की शरीराची थंडी ओळखण्याची आणि थरथरून ऊब निर्माण करण्याची शक्ती मंदावते. म्हणून “मला थंडी वाजत नाही” या त्यांच्या शब्दावर विसंबू नये. पोट आणि पाठ हाताने चाचपून पाहावी. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली जाणे धोक्याचे असते. अशा वेळी माणूस बोलताना अडखळतो, गोंधळतो, पेंगतो. घरच्यांना ते वयाचे विसरणे वाटते. थरथर थांबली म्हणजे बरे वाटले असे नव्हे. ती थांबणे अधिक गंभीर असू शकते. तातडीने डॉक्टरांना गाठावे.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. म्हणून पहाटेचे फिरणे ऊन वर येईपर्यंत पुढे ढकलावे. एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. डोके आणि पावले झाकलेली असावीत. पण पायमोजे निसरडे नकोत, नाहीतर थंडी टळेल आणि हाड मोडेल. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. भाजलेले त्यांना कळत नाही. तहान लागत नसली तरी कोमट पाणी थोडे थोडे द्यावे. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. टेक्सासमध्ये त्या आठवड्यात घरात ऊब आणण्याच्या धडपडीत या वायूनेही माणसे मेली. बांधावरच्या धुराचा जुना उपायही दमेकऱ्यांच्या घराजवळ करू नये.

केळे थंडीत खावे का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. दात नसलेल्यांना आणि भूक मंदावलेल्यांना ते सोयीचे अन्न आहे; एका मध्यम केळ्यातून सुमारे १०० उष्मांक आणि ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम मिळते. परंतु हेच पोटॅशियम मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना अपायकारक ठरू शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावे. गिळताना ठसका लागणाऱ्यांना मोठा तुकडा देऊ नये. कुस्करून, चमच्याने, बसवून द्यावे.

परसात केळ असेल तर आणखी एक काम ज्येष्ठांकडे सोपवता येते. बुंध्याशी अनेक पिले फुटतात. त्यांपैकी अरुंद, तलवारीसारख्या पानांचे पिल कंदाशी घट्ट जोडलेले आणि जोमदार असते. रुंद पानांचे पाणपिल दिसायला गोंडस, पण दुबळे. राखायचे ते एकच. बाकीची वेळीच काढली नाहीत तर सगळीच उपाशी राहतात. कोणते ठेवावे, हे ओळखायला नजर लागते आणि नजर यायला वर्षे लागतात. आमच्याकडे अजून हा निर्णय सासूबाईच करतात. मी खुर्ची ठेवते, त्या बसतात, काठीने एकेका पिलाला स्पर्श करून पाहतात आणि निवडीला बराच वेळ लावतात. मी घाई करत नाही.

तुमच्या घरी केळ नसेल. पण लोणच्याचे मीठ असेल, जुन्या कागदपत्रांतली एखादी खूण असेल, नात्यागोत्याची कोणालाच न आठवणारी साखळी असेल. जे तुम्हांला खरोखर ठाऊक नाही आणि त्यांना ठाऊक आहे, ते त्यांना विचारा. आणि उत्तर आले की त्याप्रमाणे करून दाखवा. ह्यूस्टनच्या केळींपैकी एकीने अजून घड दिलेला नाही; तेथील हिवाळा तिला तेवढी सलग सवड देत नाही. पाने मात्र दर श्रावणात मिळतात. पहिल्या पानावर नैवेद्य वाढला की लेक त्याचे छायाचित्र आजीला पाठवते, आणि आजी ते मोठे करून आधी पानाची कड तपासतात.